दगडांखालची अक्षरं

सांगलीच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायला मी लागले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मूळची साताऱ्याची. डोक्यात माहिती खच्चून भरलेली, पण ती पोरांपर्यंत पोचवायची कशी याचा पत्ता नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात पहिल्या वर्षाला खंड कसे सरकत गेले ते शिकवायला घेतलं. फळ्यावर नकाशा काढला, बाण काढले. एके काळी आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपला भारत अशी सगळी मिळून एकच जमीन होती, तिला गोंडवाना म्हणतात, असं सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, जमीन सरकते तर आपल्याला कळत कसं नाही?"

मी वर्षाला अमुक सेंटिमीटर वगैरे बोलायला लागले. वर्गाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मॅडम, मी बोलू का जरा?"

दारात दगडांचा ट्रे घेऊन बनसोडे मामा उभे होते. आमच्या लॅबचे अटेंडंट. माझं उत्तर यायच्या आधीच त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि पोरांना विचारलं, "तुमच्यात शेती कुनाकुनाची हाय?"

निम्म्याहून जास्त हात वर झाले.

"शेजारी बांध सरकवताना कुनी बघितलाय?"

वर्ग हसला. मामा हसले नाहीत. "न्हाई दिसत. दरसाल नांगराचं एक तास, एक रेघ, पलीकडं. वीस वर्सांनी मोजणी आली की कळतं, अर्धा गुंठा गेला. ह्या जमिनींचंबी तसंच हाय. फकस्त हितं मोजणीवाला कोन न्हाई, म्हून केस उभी ऱ्हात न्हाई."

ट्रे तिथंच ठेवून ते निघून गेले. त्या वर्गाला तो धडा पुढं कधी समजवावा लागला नाही.

मामा पलूसजवळच्या एका खेड्यातून रोज पहिल्या एसटीनं यायचे. बुटके, रुंद पंजाचे, राखाडी सफारीच्या खिशाला पेन. ते पेन मी त्यांना सहीखेरीज कशालाच वापरताना पाहिलं नाही. शिक्षण नववीपर्यंत. 'प्रिन्सिपॉल'चा ते शेवटपर्यंत 'प्रिन्शिपल' करत राहिले, पण कोळशाच्या थरात पानाचे ठसे सापडतात त्या झाडाचं नाव, ग्लॉसोप्टेरिस, त्यांच्या तोंडून असं सुटायचं की माझीच जीभ अडखळायची. हे कुठून आलं असेल, असं मला वाटून जायचं. बरीच वर्षं लॅबमध्ये काढली आहेत, कानावर पडून पाठ झालं असेल, असं मी धरून चालले.

दगड ते नेहमी दोन हातांनी उचलायचे, मग तो सुपारीएवढा का असेना. आणि नव्या बॅचचं पहिलं प्रॅक्टिकल त्यांनी आपल्याकडे ठेवलं होतं. मी हजेरी घेईपर्यंत ते एक काळसर गोल दगड पोरांच्या हातात फिरवायचे. त्यात शंखाच्या वेटोळ्याचा स्वच्छ ठसा होता. "हातात घ्या. आधी लिवायचं न्हाई, आधी हातात घ्या. समुद्रातला जीव हाय ह्यो. सापडला कुठं ठावं हाय? हिमालयात, बर्फाच्या शेजारी."

"मग तिथं समुद्र होता?" कुणीतरी विचारायचंच.

"व्हता की. टेथिस नाव त्याचं. भारत खालनं वर सरकत गेला, आशियाला जाऊन भिडला, आनि मधी समुद्र व्हता त्येला जागाच ऱ्हायली न्हाई. तळ उचलला, त्येचा डोंगर झाला. समुद्र गेला." मग दगड पुढच्या पोराच्या हातात देत, "पर खुणा ऱ्हात्यात."

खंडांचा एक सेटही त्यांनी केला होता. त्यांचा मेहुणा कुपवाडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये होता. त्याच्याकडून प्लायवूडचे तुकडे कापून आणले होते, एकेका खंडाचा एकेक. टेबलावर सगळे जुळवून ठेवायचे आणि मग एकेका पोराला एकेक खंड बोटानं हळूहळू सरकवायला लावायचे. भारताचा तुकडा नेहमी मुलीकडे द्यायचे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या कडा इतक्या वर्षांत घासून गुळगुळीत झाल्या होत्या. नकाशात बसत नाहीत इतक्या त्या एकमेकींत चपखल बसायच्या. मी एकदा तसं म्हटलं. मामा म्हणाले, "हाताळून हाताळून बसल्यात मॅडम. खऱ्यांस्नी कोन हाताळतंय?"

दर हिवाळ्यात आम्ही सहल काढायचो. एका वर्षी औंधला गेलो. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर, कापलेल्या कड्यात, काळ्या दगडाच्या दोन जाड थरांमध्ये विटेच्या रंगाचा एक पट्टा जातो. मी लाव्ह्याचे थर, त्यांचं वय, साडेसहा कोटी वर्षं, असं सांगत होते. पोरं उन्हानं वैतागलेली. मामांनी पाण्याचा कॅन खाली ठेवला आणि त्या लाल पट्ट्यावर तळहात टेकला.

"ही मधली सुट्टी हाय," ते म्हणाले. "खालचा लाव्हा निवला. त्याच्यावर माती झाली, पाऊस पडला, झाडंझुडपं आली. त्यास्नी वाटलं, संपलं आता. मग वरचा लाव्हा आला आनि माती भाजून लाल झाली."

एका पोरानं विचारलं, "मामा, तेव्हा आपण कुठं होतो? म्हणजे भारत?"

"वाटंवर. गोंडवाना सुटलेला, आशिया लांब. चारी बाजूंनी पानी. लय काळ एकटाच व्हता." असं म्हणून त्यांनी त्या पोराच्या डोक्यावरची घसरलेली टोपी नीट केली. सहलीत टोपीवरून आणि पाण्यावरून ते पोरांना अगदी जीव नको करून सोडायचे. कुणी शिंकलं तरी कपाळाला हात लावून बघायचे. पोरं त्यांच्या मागं त्यांची नक्कल करायची. मीही हसायचे.

आता लेबलांचं सांगते.

आमच्या लॅबमध्ये भिंतीला लागून लाकडी कपाटं होती. त्यांत उथळ खण, खणांत दगड आणि प्रत्येक दगडाखाली एक पांढरं कार्ड. कार्डावर काळ्या शाईत, टपोऱ्या देवनागरीत दगडाचं नाव, कुठं सापडला ते, आणि खाली एक ओळ. ती ओळ कुठल्याच पुस्तकातली नव्हती. शंखाच्या दगडाखाली लिहिलं होतं, 'पत्ता : आधी टेथिस समुद्र, हल्ली हिमालय.' लाल मातीच्या ढेकळाखाली, 'मधली सुट्टी.' ग्लॉसोप्टेरिसच्या पानाखाली, 'हिच्या बहिणी आफ्रिकेत आणि अंटार्क्टिकात आहेत.' कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्यानं हौसेनं लिहिलं असावं असं मला वाटायचं. छान होतं, पण शास्त्रीय नव्हतं. आणि कार्डं पिवळी पडत चालली होती.

एकदा मी मामांना म्हटलंही, "ही सगळी कॉम्प्युटरवर टाइप करून घेऊ या."

"असू द्या की मॅडम," ते म्हणाले. "अक्षर चांगलं हाय."

पुढच्या वर्षी कॉलेजात तपासणीसाठी कमिटी येणार होती. सगळे विभाग रंगरंगोटीला लागले. मला त्या कार्डांची लाज वाटायला लागली. बाहेरचे तज्ज्ञ खण उघडणार आणि 'मधली सुट्टी' वाचणार. मामा दर वर्षी श्रावणात तीन दिवस रजेवर असायचे. कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम'. ते तीन दिवस मी साधले. दोन विद्यार्थिनींना घेऊन सगळी लेबलं छापली, लॅमिनेट केली, खणाखणांतून लावली. शास्त्रीय नाव, काळ, ठिकाण. जुनी कार्डं एका खोक्यात भरून शिपायाकडे दिली. मामा आले की खूश होतील, त्यांचं काम आपण हलकं केलं, असं माझ्या मनात होतं. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

चौथ्या दिवशी मामा आले. पहिला खण उघडला. मिटला. दुसरा उघडला. मग ओळीनं सगळे उघडत गेले, शेवटच्या कपाटापर्यंत. मी शेजारी उभी.

"कसं दिसतंय?"

"बेस दिसतंय," ते म्हणाले. मग शेवटचा खण मिटत, "जुनी कुठं ठिवली?"

"टाकली, मामा. पिवळी पडली होती. शिपायानं मागं जाळली असतील."

ते स्टुलावर बसले. मी फोन आला म्हणून स्टाफरूमला गेले. परत आले तर ते नव्हते. खिडकीतून पाहिलं, तर इमारतीच्या मागं, कचरा जाळतात तिथं, मामा उकिडवे बसून काटकीनं राख उकरत होते. त्यांचं काही पडलं असेल असं मला वाटलं. मी खिडकीतून हाकही मारली, "मामा, काय हरवलं?" त्यांनी हातानंच काही नाही म्हणून खुणावलं.

कमिटी आली, लेबलांचं कौतुक झालं. मामांच्या कामात काही फरक पडला नाही. ट्रे वेळेवर यायचे, दगड पुसलेले असायचे. पण त्यांचं पोरांशी बोलणं बंद झालं. नवी बॅच आली तेव्हा शंखाचा दगड त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि ते मागं जाऊन उभे राहिले. प्लायवूडचे खंड कपाटाच्या वर गेले. पोरं म्हणाली, "मामा, तुम्ही सांगा की." तर म्हणाले, "मॅडम सांगत्यात." निवृत्ती जवळ आली की माणसं अशी होतात, अशी मी समजूत करून घेतली.

त्या थंडीत ते आठवडाभर आले नाहीत. ताप होता. मी शनिवारी पलूसला जाऊन तिथून रिक्षानं त्यांच्या गावी गेले. दोन खोल्यांचं स्वच्छ सारवलेलं घर. मामा आतल्या खोलीत झोपले होते. त्यांच्या पत्नी, शालनकाकू, चहा टाकायला उठल्या. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची लहान मूर्ती आणि तिच्या शेजारी हार घातलेला एका मुलीचा फोटो. वीस-एकवीस वर्षांची. मोठे डोळे, हसू दाबल्यासारखं तोंड.

"ही कोण?" मी विचारलं.

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. "तुमास्नी म्हाईत न्हाई? सुजाता. आमची पोरगी. तुमच्याच लॅबात शिकली की. तुमच्या आधी."

मी पुन्हा फोटोकडं बघितलं.

"निकालाची वाट बघत व्हती. पुढं एमएस्सीला पुण्याला जायचं व्हतं. ताप आला. आमाला वाटलं साधा हाय. तिसऱ्या दिवशी गेली. श्रावणात." काकूंनी स्टोव्हची वात कमी केली. "आवं, ह्यास्नी काय येत व्हतं? दगड पुसायचं आनि खणात ठिवायचं. ती हितं ह्या दारात बसून मोठ्यानं वाचायची, हे ऐकायचे. मग तिलाच विचारायचे, हे कसं, ते कसं. मग ती सांगायची, बांधाचं सांगायची, मधल्या सुट्टीचं सांगायची. ह्येंच्या तोंडचं समदं बोलनं तिचंच हाय, मॅडम. आनि त्या चिठ्ठ्याबी तिनंच लिवल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज बापाबरोबर एसटीनं यायची लिवायला."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. त्या चिठ्ठ्या मीच टाकल्या हे काकूंना माहीत होतं का नव्हतं, मला कळलं नाही. त्यांनी मला बिस्किटं पुढं केली.

मामा परत कामावर आले त्या दिवशी मी लॅबचं दार लोटून घेतलं. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "मामा, मला माहीत नव्हतं."

"ते मला ठावं हाय," ते म्हणाले.

"तुम्ही मला सांगायचं तरी. एक शब्द."

"काय सांगनार? तुमी कामच केलं की." ते एका दगडावरची धूळ रुमालानं पुसत होते. पुसून झाली तरी पुसत राहिले. "एक सांगतो, मॅडम. ती गेली त्या आठवड्यात मला तिचं काय बघवत नव्हतं. वह्या, जर्नल, पुस्तकं, समदं मीच भरलं आनि रद्दीवाल्याला दिलं. तिची आई रडत व्हती, एक तरी ठिवा म्हनून. म्या ऐकलं न्हाई. महिन्यानं कामावर आलो आनि पयला खण उघडला. तवा कळलं, हितं हाय म्हून. मग बरं वाटायचं. रोज एखादा खण उघडायचो."

मी रडायला लागले. त्यांनी स्टूल पुढं ओढून दिलं.

"तुमी ठावं नसताना टाकलं. मी ठावं असून टाकलं. मग तुमास्नी कुठल्या तोंडानं बोलू?"

नंतर एक वेडा प्रयत्न मी केला. कोरी कार्डं आणली, काळी शाई आणली आणि म्हटलं, मामा, तुम्हाला सगळ्या ओळी पाठ असतील, तुम्ही सांगा, मी लिहिते. ते कार्डांकडं बघत राहिले. "नगं," म्हणाले. "दुसऱ्याच्या अक्षरात नगं." मलाही आज त्यातल्या चार-पाचच ओळी आठवतात. बाकीच्या मी खणाखणांतून कितीदा वाचल्या असतील, आणि नीट वाचल्या नाहीत.

पण त्या दिवसानंतर ते पुन्हा बोलायला लागले. पुढच्या बॅचला कपाटावरचे खंड खाली आले. बोलता बोलता मध्येच ते म्हणायचे, "सुजाता म्हनायची." इतक्या वर्षांत हे नाव लॅबमध्ये मी पहिल्यांदा ऐकत होते. पोरांनी कोण सुजाता विचारलं की म्हणायचे, "हितलीच इद्यार्थिनी. लय हुशार."

ते निवृत्त झाले तेव्हा चार्ज द्यायला आम्हाला तीन दिवस लागले. रजिस्टर माझ्यापुढं, दगड त्यांच्या हातात. ते दगडावरचा आकडा वाचायचे, नाव सांगायचे, मी टिक करायचे. दगडांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर बारीक आकडा घालतात. बहुतेक आकडे फार जुने, कुणाकुणाच्या हातचे. तिसऱ्या दिवशी दुपारी, तळातल्या खणातली एक गारगोटी त्यांनी उचलली. जांभळाएवढी. आकडा वाचला नाही. मी वर बघितलं.

"ही तिच्या सहलीत सापडली," मामा म्हणाले. "आकडा तिनंच घातलाय. इंग्रजी सातच्या पोटात रेघ मारायची सवय व्हती तिला."

मी रजिस्टर बाजूला केलं. "मामा, ही घरी घेऊन जा. मी बघते कागदाचं."

"रजिस्टरला हाय ती."

"असू दे."

"न्हाई मॅडम. घरी न्हेली तर फोटोम्होरं ठिवून देऊ. हितं पोरं हातात घेत्यात." त्यांनी ती दोन हातांनी खणात ठेवली. "टिक करा."

मी टिक केली.

पुढचं मला सांगायला जड जातं. मामांची जागा भरली नाही. दोन वर्षांत आमच्याकडं येणारी मुलं कमी होत होत पाचावर आली, मग विभागच बंद झाला. मला पर्यावरणाचे तास दिले. लॅबच्या खोलीत कॉम्प्युटर आले. कपाटं कार्यालयात गेली आणि दगड गोण्यांत भरून मैदानाच्या कडेच्या गोदामात टाकले. त्या कागदावर सही माझीच आहे. मी एकटीच हरकत घेऊन काय होणार होतं, असं तेव्हा वाटलं. नंतर एका रविवारी चावी मागून घेतली आणि त्या गोण्या उपसल्या. गारगोट्या पुष्कळ निघाल्या. एकमेकींवर घासून पांढरे ठिपके उडालेले. कुठल्याच आकड्यात सात धड दिसेना. संध्याकाळपर्यंत बसले आणि हात धुऊन घरी आले.

मामा गेल्याचा शालनकाकूंचा फोन आला तो पावसाळ्यात. त्याच्या आधी, फेब्रुवारीत, मामा मला शेवटचे भेटले. पेन्शनच्या कुठल्या दाखल्यासाठी कॉलेजात आले होते. पांढरा सदरा, हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. बरेच वाळले होते. पिशवीत भाजलेल्या शेंगा होत्या.

"पोरास्नी आनल्यात," म्हणाले. "कार्यालयात काम झालं. म्हटलं लॅबात डोकावून जावं. ह्या जिन्यानं जाऊ का?"

जिना माझ्या मागं होता. मी त्याच्यासमोरून हलले नाही.

"आत्ता नको, मामा," मी म्हटलं. "प्रॅक्टिकलची परीक्षा चाललीय. बाहेरचे परीक्षक आलेत. मलासुद्धा आत सोडत नाहीत."

"व्हय? मग नगं, मग नगं." ते काठीवर टेकले. "किती पोरं हायती यंदा?"

"बावीस."

"बावीस," ते म्हणाले. "बरं हाय. पोरी किती?"

"पोरी जास्त आहेत."

त्यांनी मान हलवली. पिशवी माझ्या हातात दिली, दोन हातांनी. "बावीस जनास्नी पुरतील का बगा. परीक्षा झाल्यावर द्या, आधी नगं. हात तेलकट झालं की दगड घसरत्यात."

"पुरतील," मी म्हटलं.

ते मागं वळले. वर परीक्षा चालली आहे, काठीचा आवाज होऊ नये, म्हणून ती त्यांनी काखेत उचलून धरली होती आणि रिकाम्या व्हरांड्यातून ते पाय न वाजवता फाटकाकडं चालले होते.